झाकणाच्या आतली खूण

माझ्या भावाला परदेशात पाठवावं की नाही, याबद्दल त्या वर्षी सगळ्यांना मत होतं. केस कापणाऱ्याला होतं, बँकेतल्या खिडकीमागच्या बाईला होतं, आणि दातांच्या डॉक्टरांनी तर आपलं मत माझ्या तोंडात आरसा घालून ऐकवलं, म्हणजे मला उलट उत्तर द्यायचीही सोय नव्हती. आमच्या चौकात दोन माणसं याच विषयावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेली. त्यांतल्या एकालाही माझ्या भावाचं वय माहीत नव्हतं.

वय सव्वीस. मी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो दहा वर्षांचा होता, त्यामुळे त्याला ओरडायचा हक्क माझ्याकडे आला आणि मी तो कधी सोडला नाही.

आमचं दुकान आठ फूट रुंद. आत शिरलं की डाव्या हाताला घड्याळं, उजव्या हाताला कॉम्प्युटर आणि मोबाइल. डावी बाजू बाबांची आणि माझी, उजवी धाकट्याची. बाबांचे हात आता थरथरतात, म्हणून बारीक काम माझ्याकडे आलंय. ते गिऱ्हाइकांशी गोड बोलतात आणि उरलेल्या वेळात माझ्या चुका काढतात.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. ती आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. घड्याळ उघडलं, की बंद करायच्या आधी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने खूण कोरायची. वर तारीख, खाली आडवी रेघ, रेघेखाली टिंबं. तसे बहुतेक घड्याळजी आत काही ना काही कोरून ठेवतात. टिंबं मात्र आमची. घड्याळ आमच्या हाताखालून पहिल्यांदा जात असेल तर एक टिंब, दुसऱ्यांदा आलं तर दोन, तिसऱ्यांदा तीन. गिऱ्हाइकाला हे कधी दिसत नाही आणि आम्ही सांगतही नाही. बाबांचं म्हणणं असं, की दुसऱ्याची वस्तू उघडायची म्हणजे त्याच्या घरात शिरण्यासारखं आहे. कोण आत जाऊन आलं आणि कितव्यांदा, ते तिथेच लिहून ठेवायचं. उद्या काही बिघडलं तर कुणाची मान धरायची ते कळलं पाहिजे. आम्ही भावंडं अक्षरओळख व्हायच्या आधी हे शिकलो. धाकट्याने लहानपणी रेडिओ उघडला, पंखा उघडला, आईचं शिलाई मशीन उघडलं, आणि प्रत्येकाच्या पोटात टिंबं आहेत. शिलाई मशीनमध्ये सात आहेत, आणि सातव्या वेळेनंतर ते कधी चाललं नाही.

आता त्याने काय केलं ते. एका दवाखान्याचा कॉम्प्युटर त्याच्याकडे दुरुस्तीला आला होता. तिथल्या तपासण्यांचे अहवाल समुद्रापलीकडच्या देशातल्या एका कंपनीकडे साठवले जातात. धाकटा त्या कॉम्प्युटरमधून कंपनीच्या यंत्रणेपर्यंत पोचला आणि बघतो तर दार सताड उघडं. लाखो माणसांचे आजार, नावं, पत्ते, सगळं मांडून ठेवलेलं, आणि कुलूप म्हणून कारखान्यातून येतो तोच पासवर्ड. त्याने काही घेतलं नाही. तिथेच त्यांच्या भाषेत मोडकीतोडकी एक चिठ्ठी ठेवली, की दार उघडं आहे, लावून घ्या. खाली तारीख, रेघ आणि एक टिंब. दोन महिन्यांनी पुन्हा डोकावला. दार तसंच, चिठ्ठीही तशीच पडलेली. दुसरी चिठ्ठी, दोन टिंबं. तिसऱ्या वेळी त्याची सटकली. त्याने स्वतःच पासवर्ड बदलून टाकला आणि नवा पासवर्ड तिसऱ्या चिठ्ठीत लिहून ठेवला. चिठ्ठी राहिली आत. किल्ली घरात ठेवून दार ओढून घेणारी माणसं असतात ना, आमचा धाकटा त्यातला.

कंपनी दीड दिवस आपल्याच दाराबाहेर उभी होती. त्या दीड दिवसात कित्येक दवाखान्यांना अहवाल मिळाले नाहीत. कुणाचं बरंवाईट झालं नाही, पण होऊ शकलं असतं. हे मी तेव्हाही मान्य करत होते आणि आजही करते. दुसऱ्याच्या घराला कुलूप घालायचा अधिकार त्याला कुणी दिला होता? खटला चालवा, शिक्षा द्या, तुरुंगात डबा घेऊन जायची माझी तयारी होती. पण इथे चालवा. इथल्या कायद्यात याला तीन वर्षं आहेत. तिथल्या कायद्यात चाळीस. आणि ज्या देशाचा नकाशासुद्धा त्याने नीट पाहिला नव्हता, तिथल्या न्यायाधीशासमोर, तिथल्या भाषेत, एकही आपलं माणूस मागे बसलेलं नसताना तो काय सांगणार होता?

त्या देशाने त्याचं प्रत्यार्पण मागितलं होतं, पण हा शब्द बाबांच्या तोंडात कधी बसला नाही. ते 'परत पाठवणं' म्हणायचे. मी दर वेळी चिडायचे. परत कसलं? तो तिथे कधी गेलाच नव्हता, बाबा. तो तर या आठ फुटांत बसून होता.

आमची वकीलबाई बारीक चणीची, पण बोलायला लागली की समोरच्याची खुर्ची आपोआप मागे सरके. तिने पहिल्याच दिवशी आम्हाला बसवून समजावलं. पाठवायचं की नाही हे ठरवताना आपलं कोर्ट एकच गोष्ट बघणार, की ज्याने हे केलं तो हाच माणूस आहे असं मानायला पुरेसा आधार आहे का. परदेशातून आलेल्या चारशे पानांत तो आधार लंगडा होता. शोध दुकानाच्या इंटरनेटपर्यंत येऊन थांबत होता. त्या इंटरनेटवर गिऱ्हाइकांचे दहा-दहा कॉम्प्युटर एका वेळी चालू असत, शेजारचे दुकानदारही वापरत. कोठडीतल्या धाकट्याने तिच्या सांगण्यावरून पोलिसांपुढे चकार शब्द काढला नव्हता. राहिल्या त्या तीन चिठ्ठ्या आणि त्यांच्याखालची विचित्र खूण, आणि त्या खुणेचा अर्थ चारशे पानं लिहिणाऱ्यांपैकी कुणालाच लागला नव्हता. त्यांनी तिला एखाद्या टोळीचं चिन्ह म्हटलं होतं.

वकीलबाईने मला एकच काम दिलं. तोंड बंद ठेवायचं. ती म्हणाली, बाबांची मला काळजी नाही, तुझी आहे. एका भेटीत तिने मला ओळखलं होतं.

मी तीन आठवडे मिठाची गुळणी धरून बसले. त्या तीन आठवड्यांत टीव्हीवर रोज संध्याकाळी माझ्या भावाचा फोटो लागे, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, ज्यात त्याने शिंक दाबलेली आहे आणि म्हणून तो कुणाच्या तरी गळ्यावर सुरी ठेवून उभा असल्यासारखा दिसतो. खाली लाल पट्टीवर प्रश्न: चोराला का पोसायचं? सहा चौकटींत सहा माणसं भांडायची. एक म्हणायचा, पाठवला नाही तर तो देश आपल्याशी व्यापार बंद करेल. दुसरा म्हणायचा, आपण काय त्यांचे नोकर आहोत? या दुसऱ्याला माझ्या भावाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला त्या देशाला चार शिव्या द्यायच्या होत्या, आणि धाकटा त्यासाठी बरा सापडला होता. मला दोघांचाही सारखाच राग यायचा.

मग हा कार्यक्रम दाखवणाऱ्या वाहिनीच्या निवेदकाचा फोन आला. अगदी मऊ आवाजात म्हणाला, ताई, तुमची बाजू कुणीच मांडत नाहीये. मी वकीलबाईला न विचारता गेले. मनाशी पक्कं ठरवून गेले होते, की फक्त एवढंच बोलायचं, खटला इथे चालवा. दोन वाक्यं पाठ करून नेली होती.

स्टुडिओ आमच्या दुकानाहून थंड आणि तेवढाच अरुंद. माझ्या समोर एक निवृत्त पोलीस अधिकारी बसले होते, पिळदार मिशीचे, बोलताना मिशी आधी हलायची आणि शब्द नंतर यायचे. माझी दोन वाक्यं मी नीट म्हटली. मग मिशीवाले म्हणाले, या मुलीचा दोष नाही, दोष संस्कारांचा आहे, बाप आयुष्यभर लोकांची घड्याळं उघडत बसला, मुलगा लोकांचे कॉम्प्युटर उघडायला लागला, घरातच शिकवण मिळाली आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा घरी टीव्हीसमोर बसले होते. इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, कारण मुलगी टीव्हीवर येणार होती.

मी मनगटावरचं घड्याळ काढलं. किल्ल्यांच्या जुडग्यात झाकण उघडायचं पातं असतंच, त्याने टक्कन झाकण उघडलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. म्हटलं, बघा, ही माझ्या बापाची शिकवण. आम्ही दुसऱ्याची वस्तू उघडतो तेव्हा आत सही करतो. तारीख घालून करतो. चोर सही करून जातो का हो कधी? तुम्ही तीस वर्षं नोकरी केलीत ना, एक तरी चोर दाखवा ज्याने तारीख घातली.

कॅमेरा झाकणावर गेला. वर तारीख, रेघ, टिंबं, सगळ्या देशाने पाहिलं. मिशी हलली, पण शब्द आले नाहीत.

दुसऱ्या दिवशीपासून वारं फिरलं. लाल पट्टीवर प्रश्न बदलला: चोर की पहारेकरी? वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. कॉलेजच्या पोरांनी भिंतींवर आमची खूण रंगवली, शर्टांवर छापली, गालांवर काढून घेतली. टिंबं कुणी चार काढली, कुणी नऊ, कुणी रेघेच्या वर काढली. मंत्र्यांनी सांगितलं, जनतेच्या भावना आम्हाला समजतात. केस कापणारा आता माझ्याकडून पैसे घेईना. सगळे म्हणत होते, ताई, तुम्ही जिंकलात.

वकीलबाई दुकानात आली ती अभिनंदन करायला नाही. तिने काउंटरवर दोन्ही हात टेकले. मग म्हणाली, जनतेपुढे खटला नाहीये, कोर्टापुढे आहे, आणि खूण त्याच्या घरची आहे हे तू टीव्हीवर सगळ्या जगाला दाखवलंस. मी म्हटलं, पण लोक आपल्या बाजूने आहेत. ती म्हणाली, लोकांना शिक्का मारता येत नाही.

मग तिने विचारलं, टिंबांचा अर्थ सांगितलास का कुणाला? नव्हता सांगितला. ती खाली बसली आणि पहिल्यांदा तिने पाणी मागितलं.

आठवड्याने मला साक्षीचं बोलावणं आलं. वकीलबाईने बचाव नव्याने बांधला आणि तो खोटाही नव्हता. घड्याळजी झाकणात काहीतरी कोरतात, सगळेच कोरतात, जगभर कोरतात. तारीख, रेघ, ठिपके, यात विशेष काय? ज्याने कधी घड्याळ उघडलंय अशा कुणाचीही ती असू शकते. मला फक्त तीन उत्तरं द्यायची परवानगी होती. हो, नाही, आठवत नाही. चौथं उत्तर दिलंस तर तुझा भाऊ गेला, असं तिने मला स्वच्छ सांगितलं.

आम्ही दुकानात तालीम केली. बाबा सरकारी वकील झाले. पण त्यांना दरडावून विचारता येईना. ते म्हणायचे, बेटा, जरा सांगशील का, ही खूण तुमची आहे का? मी म्हणायचे, बाबा, सरकारी वकील बेटा म्हणत नाहीत. मग ते घसा खाकरून तेच वाक्य मोठ्या आवाजात म्हणायचे, पुन्हा बेटासकट. त्या दिवसांत आम्ही हसलो ते तेवढंच.

कोर्टाची खोली लहान होती आणि खचाखच भरली होती. बाहेरच्या घोषणा खिडकीतून आत येत होत्या. धाकटा कठड्यामागे उभा होता, दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मला बघून त्याने फक्त भुवया उंचावल्या, म्हणजे, जीभ आवर. बाबा तिसऱ्या बाकावर होते.

सरकारी वकील वयस्क, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाज इतका सौम्य की ऐकायला पुढे वाकावं लागे. बाबांनी तालमीत जो केला होता, अगदी तसाच. मी दरडावण्याची तयारी करून गेले होते, सौम्यपणाची नाही. त्यांनी विचारलं, घड्याळजी झाकणात खूण करतात? हो. सगळेच करतात? हो. तारीख घालतात? हो. मग टीव्हीवर दाखवलेली खूण केवळ तुमचीच असं म्हणता येणार नाही? नाही येणार. ही उत्तरं वकीलबाईला हवी होती तीच होती. ती वहीत भराभर लिहीत होती.

मग त्यांनी खिशातून एक मनगटी घड्याळ काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, हे एका गृहस्थांचं आहे. तुमच्या वडिलांनी दुरुस्त केलं, असं ते म्हणतात. त्या दिवसापासून चालत नाही. ते गृहस्थ बरेच नाराज आहेत. वयानुसार हात थरथरतो, समजू शकतो आपण. आत तुमच्या वडिलांची खूण आहे असं दिसतं. तुम्हाला आठवतं का हे घड्याळ?

आठवत नाही. दोन शब्द. जिभेवर तयार होते.

पण घड्याळ समोर होतं आणि झाकण आधीच सैल केलेलं होतं. माझं भिंग नेहमी पर्समध्ये असतं. ते मी डोळ्याला कधी लावलं मला कळलंही नाही. आतलं बघून माझं डोकंच फिरलं. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या. तेल भळाभळा ओतलेलं. चाकाच्या पट्टीवर बोटाचा अख्खा ठसा. हे काम माझ्या बापाचं? भर कोर्टात, शंभर लोकांसमोर, तो तिथे बसलेला असताना, हे भिकार काम त्याच्या नावावर?

"हे आमचं नाही," मी म्हटलं.

"खूण तर तीच आहे," ते हळूच म्हणाले. "तारीख, रेघ, टिंबं. आणि खूण कुणाचीही असू शकते, असं आपण आत्ताच म्हणालात."

"तीच कशी असेल? झाकणात ही एकच खूण आहे, म्हणजे घड्याळ पहिल्यांदा उघडलंय. मग तीन टिंबं कुठून आली? आमच्याकडे पहिल्या वेळेला एक टिंब, दुसऱ्या वेळेला दोन, तिसऱ्याला तीन. माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात यात चूक केलेली नाही. ज्याने कुणी हे कोरलंय त्याला टिंबं म्हणजे काय ते ठाऊकच नाही."

मी रागाने धापा टाकत होते, आणि मला वाटत होतं मी बरोबर बोलले. मी बाबांकडे पाहिलं. बाबा मान डोलावत होते. मी अवघड घड्याळ पहिल्या फटक्यात चालू केलं की डोलावतात तशी, डोळे अर्धे मिटून, समाधानाने. मग मी कठड्याकडे पाहिलं. धाकट्याने चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला होता.

वकीलबाईने पेन खाली ठेवलं.

"आभारी आहे," सरकारी वकील म्हणाले आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. घड्याळ त्यांचं स्वतःचं होतं. आतलं काम आणि खूण दोन्ही त्यांनी कुणाकडून तरी मुद्दाम करून घेतलं होतं, आणि हे त्यांनी न्यायाधीशांना तिथल्या तिथे नम्रपणे सांगितलं. मग त्यांनी तीन कागद एकाखाली एक मांडले. पहिली चिठ्ठी, एक टिंब. दुसरी चिठ्ठी, दोन टिंबं. तिसरी चिठ्ठी, तीन. म्हणाले, ज्याने या लिहिल्या, त्याला टिंबं म्हणजे काय ते ठाऊक होतं.

बाबांची मान तेव्हा थांबली.

मला त्या माणसाचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नव्हता, मिशीवाल्याचाही नाही. त्याने माझ्या भावाबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. त्याने फक्त टीव्हीवरचा कार्यक्रम नीट पाहिला होता, आणि माझ्या बापाला कुणी बोललं की मी काय करते ते लिहून घेतलं होतं.

निकाल बारा दिवसांनी आला. सोळा पानांचा, आणि त्यातली पाच पानं माझ्यावर. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की साक्षीदार प्रामाणिक आहे. मंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला पाठवायच्या कागदावर सही केली. म्हणाले, जनतेच्या भावना आम्हाला समजतात, परंतु कायदा आपलं काम करतो. मंत्रालयाबाहेर हजारो लोक जमले, सगळ्यांच्या हातात आमच्या खुणेचे फलक, एकावर पंधरा टिंबं. मी गर्दीच्या कडेला उभी राहून ती मोजली. वाटलं, एकेकाच्या हातातून फलक ओढून घ्यावा. निवेदकाचा फोन आला, मऊ आवाजात, ताई, तुमच्या या क्षणी काय भावना आहेत? मी त्याला सांगितल्या. त्या त्याला दाखवता आल्या नाहीत.

जायच्या आदल्या दिवशी एकाच माणसाला वीस मिनिटांची भेट होती. बाबा म्हणाले, तू जा. मी विचारलं, तुम्ही का नाही? ते म्हणाले, मला त्याच्यासमोर मान वर करता येणार नाही. मी त्यांच्यावरही ओरडले. मान हलवायची काय गरज होती म्हणून ओरडले. मग शर्टाची घडी घातली, लोकरीचे मोजे घेतले आणि गेले.

टेबल, दोन खुर्च्या, दारात एक पोलीस. मी वाटेत ठरवलं होतं, की माफी मागायची. बसल्या बसल्या म्हटलं, "माझं चुकलं."

"हो," तो म्हणाला. "चुकलंच."

मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे ताई.

"एकदा," तो म्हणाला, "जन्मात एकदा तुला गप्प बसायचं होतं. एकदाच. आठवत नाही म्हणायचं होतंस."

"ते बाबांना बोलत होते."

"बोलू द्यायचं होतं. बाबा मेले असते का त्याने? मी चाळीस वर्षांसाठी चाललोय."

मग माझाही ताबा सुटला. म्हटलं, आणि तू? तुला कुणी सांगितलं होतं तिथे खूण करायला? शहाणा असतास तर बघून गपचूप परत आला असतास. पासवर्ड आत ठेवून कुलूप घालणारा तू, आणि मला अक्कल शिकवतोस? तो म्हणाला, खूण केली नसती तर बाबांनी मला दुकानात उभं केलं नसतं. मी म्हटलं, बाबांना कळलं कसं असतं? तो म्हणाला, मला कळलं असतं ना. मी म्हटलं, मग तुला कळतं आणि मला कळत नाही होय? ते घाणेरडं काम बघून तू गप्प बसला असतास? तो म्हणाला, हो, बसलो असतो. मी म्हटलं, खोटारडा. आम्ही शिलाई मशीनपर्यंत मागे गेलो. कुणी आईला काय सांगितलं होतं आणि मार कुणी खाल्ला होता, इथपर्यंत. पोलीस एकदा आत डोकावला आणि हलक्या आवाजात बोला म्हणाला, तर आम्ही दोघं एकदम त्याच्यावर खेकसलो.

धाकटा उठून उभा राहिला होता, टेबलावर हात आपटत होता, कान लालबुंद. मी काहीतरी लागट बोलले, काय ते आता आठवत नाही, पण लागावं म्हणूनच बोलले होते. त्याने माझ्यापुढे बोट नाचवलं.

"थांब," तो म्हणाला, "घरी गेल्यावर बघतो तुला."

बोट तसंच राहिलं. त्याने स्वतःचं वाक्य ऐकलं, मीही ऐकलं. तो हळूच खाली बसला आणि मोज्यांची जोडी उचलून तिच्यावरची लेबलं वाचायला लागला.

पोलीस म्हणाला, अजून चार मिनिटं आहेत. त्या चार मिनिटांत मी एक शब्दही बोलले नाही.